डॉक्टर नाही, मग कोण? : जैववैद्यकीय विज्ञानाच्या पदवीविषयी

बेळगावात टिळकवाडीकडे राहणाऱ्याला व्हॅक्सिन डेपो कुठे आहे ते सांगावे लागत नाही. सकाळी फिरायला जाण्याची जागा, जुन्या झाडांची सावली, एवढीच आज त्याची ओळख उरली आहे. नावातल्या ‘व्हॅक्सिन’ या शब्दाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. एके काळी येथे देवीची लस तयार होत असे. १९७५ नंतर भारतातून देवी हटली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती जगातून गेल्याचे जाहीर केले. आपण आजी-आजोबांच्या चेहऱ्यांवर देवीचे व्रण पाहिले आहेत; आपल्या नातवंडांना त्या रोगाचे नावही ठाऊक नाही. लस टोचायला घरी येणाऱ्याला आपण ओळखत होतो. ती लस तयार करणारा, ती शुद्ध आहे की नाही हे तपासणारा मात्र आपल्यापैकी कुणी पाहिला नाही.

त्या न दिसणाऱ्या माणसाच्या शिक्षणाविषयी मी आज तुमच्याशी बोलणार आहे. या विषयाला कारण घरचेच आहे. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने दोनदा नीटची परीक्षा दिली. सरकारी जागा मिळाली नाही आणि खासगी महाविद्यालयाचा खर्च भावाला झेपणारा नव्हता. तेव्हा तिनेच शोधून दिल्ली विद्यापीठातला बी.एस्सी. बायोमेडिकल सायन्स हा अभ्यासक्रम पसंत केला. त्या संध्याकाळी भावाच्या घरी सगळे गप्प बसले होते. शेवटी आमच्या बहिणीने विचारले, “म्हणजे ती डॉक्टर होणार नाहीच ना?” भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, “आण्णा, तूच सांग तिला. आणखी एक वर्ष थांब म्हणावं.”

मी लगेच काही बोललो नाही. १९८३ साली पी.यू.सी. झाल्यावर माझेही एमबीबीएस थोड्या गुणांनी हुकले होते. मी बीएचएमएसला गेलो. पुढे दवाखाना चालला, संसार झाला, पण कितीतरी वर्षे लग्नकार्यात कुणी “म्हणजे एमबीबीएस नव्हे ना?” असे विचारले की पानातला घास गोड लागत नसे. हुकलेल्या गोष्टीची भरपाई म्हणून घेतलेले शिक्षण माणसाला किती दिवस टोचत राहते, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी तिला एवढेच म्हणालो, “हे शिक्षण नेमके काय आहे ते आधी आपण दोघे समजून घेऊ. समजून घेतलेस तर ते तुझे होईल. नाहीतर आयुष्यभर ‘ते नाही मिळाले म्हणून हे’ असेच राहील.” तेव्हा जे समजले आणि गेल्या अडीच वर्षांत तिच्याकडून जे शिकलो, ते पुढे मांडतो.

नावे सारखी, वाटा वेगळ्या

पालकांचा पहिला गोंधळ नावांचा होतो. बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही अभियांत्रिकीची पदवी आहे. ईसीजी, व्हेंटिलेटर, डायलिसिस यांची यंत्रे कशी बनवायची आणि सांभाळायची ते तिथे शिकवतात. मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी, म्हणजे एमएलटी, हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे; नमुना घेणे, चाचणी लावणे, यंत्र चालवणे यांवर त्याचा भर असतो. बायोटेक्नॉलॉजीत जिवाणू, वनस्पती, पेशी यांच्याकडून उपयोगाच्या वस्तू कशा मिळवायच्या हा विचार मुख्य. त्यात शेतीही येते आणि औषधनिर्मितीही.

बायोमेडिकल सायन्स, म्हणजे जैववैद्यकीय विज्ञान, यात विषय माणसाचे शरीर आणि त्याचे आजार हाच असतो. पण प्रश्न ‘या रोग्याला कोणते औषध द्यावे’ हा नसून ‘हा आजार होतो कसा, ओळखायचा कसा आणि ओळखला ते बरोबर की चूक हे ठरवायचे कसे’ हा असतो. ही पदवी घेऊन रोगी तपासता येत नाही आणि औषध लिहून देता येत नाही. हे पहिल्याच दिवशी मुलाला आणि घरच्यांना स्पष्ट माहीत असले पाहिजे. या पदवीमुळे एमबीबीएसला मागच्या दाराने प्रवेश मिळेल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे त्यासाठी पुन्हा इतरांसारखी नीटच द्यावी लागते.

दिल्ली विद्यापीठात आचार्य नरेंद्र देव, भास्कराचार्य आणि मुलींसाठी असलेले शहीद राजगुरू अशा महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम आहे. २०२२ पासून तिथला प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेवर होतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करता येते.

काय शिकवतात?

सुरुवातीला रसायनशास्त्र, जीवरसायन, पेशीविज्ञान आणि मानवी शरीरक्रिया असे पायाचे विषय असतात. त्यावर अनुवंशशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र, रोगनिदान, औषधे शरीरात काय करतात ते शास्त्र, विषशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय येतात. ही यादी वाचून तुम्हाला फारसा बोध होणार नाही, म्हणून एकच उदाहरण सविस्तर सांगतो. ते आपल्या माणसांचे आहे.

रक्तगट ए, बी, एबी आणि ओ हे आपण शाळेत शिकलो. तांबड्या पेशीवर ए किंवा बी नावाची खूण असते. दोन्ही नसल्या तर गट ओ. या ए आणि बी खुणा ज्या पायावर बसतात त्याला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसात हा एच असतो, फक्त त्यावर पुढची खूण बसलेली नसते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की ज्यात ए नाही, बी नाही आणि एचही नाही. त्याची नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि जगभर या गटाला ‘बॉम्बे’ गट हे नाव पडले. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा गट हा असतो असे मानतात.

आता प्रयोगशाळेत काय होते ते पाहा. नेहमीच्या पद्धतीने पेशी तपासल्या तर ए नाही, बी नाही, म्हणून उत्तर येते ‘ओ’. घाईच्या जागी एवढ्यावर काम थांबते. पण पूर्ण पद्धत अशी की पेशी तपासायच्या आणि रक्तद्रवही उलट बाजूने तपासायचा. बॉम्बे गटाच्या माणसाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशीही गुठळ्या करतो, कारण त्याच्या रक्तात एचविरुद्धची प्रतिपिंडे असतात. अशा माणसाला ओ गटाचे रक्त चढवले तर जिवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. दोन बाजूंनी तपासणे ही कागदावरची औपचारिकता नाही, तिच्यावर एखाद्याचा जीव टांगलेला असू शकतो. माझ्या पुतणीने दुसऱ्या वर्षी मला फोन करून हे सांगितले, तेव्हा तिच्या आवाजात मला पहिल्यांदा असे वाटले की ही मुलगी आता ‘हुकलेल्या’ गोष्टीविषयी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती आपल्या संस्थेच्या वाचकांना आवडेल. आमच्या घरची शाळा मराठी. दिल्लीत सगळे इंग्रजीत. पहिले सहामाही सत्र तिला जड गेले. पण वसतिगृहात अभ्यास करताना ती मराठी शब्द मनात ठेवी. ‘प्रतिपिंड’ म्हटले की जे कशाच्या तरी विरुद्ध उभे राहते ते, हे शब्दच सांगतो. ‘संप्रेरक’ म्हटले की जे प्रेरणा पोचवते ते. तिच्या म्हणण्याप्रमाणे इंग्रजी शब्द पाठ करावा लागे, मराठी शब्द आधीच अर्थ सांगून मोकळा होई. मराठी शाळेत शिकलेले मूल विज्ञानात मागे पडते, असे आपल्याकडे फार बोलले जाते. भाषा बदलताना त्याला सहा महिने त्रास होतो हे खरे. पण कल्पना आधी आपल्या भाषेत रुजलेली असेल तर ती पुढे उपयोगी पडते.

रिपोर्ट म्हणजे काय?

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी रिपोर्टांची एक फाईल असेल. ठळक अक्षरात छापलेला आकडा म्हणजे ‘जास्त’ किंवा ‘कमी’, एवढे आपण शिकलो आहोत. या पदवीचा गाभा असा की तो आकडा कुठून आला, हे विचारायला ती शिकवते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या एका वयस्क दुकानदाराचा रिपोर्ट आला. पोटॅशियम ७ च्या वर. साधारण ३.५ ते ५ असावे लागते. ७ म्हणजे हृदयाचे ठोके केव्हाही बिघडतील अशी अवस्था. मी त्यांना रुग्णालयात हलवण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या एका तरुणाचा फोन आला. “डॉक्टर, नमुन्याचा रंग मला बरोबर वाटला नाही. पेशी फुटल्या असाव्यात. परत रक्त पाठवा.” परत पाठवले, ४.३ आले. पोटॅशियम रक्तद्रवात थोडे आणि पेशींच्या आत पुष्कळ असते. सुईने रक्त जोराने ओढले किंवा नमुना नीट हाताळला नाही तर पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर येते. तसेच जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे पोटॅशियमयुक्त रसायन असते. त्याचा थेंब दुसऱ्या नळीत गेला तरी पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. यंत्राने दोन्ही वेळा प्रामाणिकपणे मोजले होते. पहिल्या वेळी मोजायला दिलेली वस्तूच बिघडलेली होती. त्या तरुणाने नळीकडे डोळ्यांनी पाहिले, म्हणून एक म्हातारा माणूस नको त्या उपचारांतून वाचला.

दुसरी गोष्ट आकड्यांची. समजा, एखादा आजार हजारांत एकाला असतो आणि त्याची चाचणी शंभरांत नव्व्याण्णव वेळा बरोबर उत्तर देते. तुमचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, तर तुम्हाला तो आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतील, नव्व्याण्णव टक्के. आता हिशोब करा. हजार लोक तपासले. खरा रोगी एक; तो बहुधा सापडेल. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांत शंभरांत एक या प्रमाणात सुमारे दहा जणांचा रिपोर्ट चुकीने पॉझिटिव्ह येईल. म्हणजे अकरा पॉझिटिव्हमध्ये खरा रोगी एकच. चाचणी वाईट नाही. पण उगीच सगळ्यांना लावली तर ती दहा घरांची झोप उडवते. म्हणूनच आधी लक्षणे पाहून मग चाचणी सांगतात आणि पहिल्या चाचणीनंतर वेगळ्या पद्धतीची दुसरी करून पाहतात.

आम्हा जैनांच्या घरी स्याद्वाद हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. ‘स्यात्’ म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, एका बाजूने पाहता. त्याचा अर्थ ‘सगळ्यांचेच खरे’ असा सोयीने घेतला जातो. तो बरोबर नाही. विधान कोणत्या बाजूने आणि कोणत्या अटीवर खरे आहे ते सांगा, अशी ती अपेक्षा आहे. पुतणीच्या संख्याशास्त्राच्या वहीत मला तीच शिस्त दिसली. फक्त तिथे अट शब्दांत न सांगता आकड्यात सांगावी लागते.

तिने मला विचारलेला प्रश्न

आता जे लिहितो ते माझ्या काही व्यवसायबंधूंना रुचणार नाही. पण हे शिक्षण माणसाला काय करते ते सांगायचे, तर हा प्रसंग वगळता येत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती माझ्या दवाखान्यात येऊन बसली होती. कपाटातली ३० सी ची बाटली हातात घेऊन म्हणाली, “काका, एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके रेणू असतात. एकास शंभर असे बारा वेळा विरळ केले की दहाचा चोविसावा घात झाला. म्हणजे १२ सी नंतर मूळ औषधाचा एखादा रेणू उरला तरी नशीब. मग ३० सी मध्ये काय असते?”

मी म्हणालो, तुझे गणित बरोबर आहे. ते आम्हालाही माहीत असते. पण मी चाळीस वर्षांच्या आसपास रोगी बरे होताना पाहिले आहेत. त्यावर ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “तेच रोगी औषधाशिवाय बरे झाले असते की नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. सर्दी, त्वचेचे काही विकार, संधींचे दुखणे कधी वाढते, कधी आपोआप ओसरते. माणूस त्रास सर्वांत जास्त असताना डॉक्टरकडे येतो, त्यामुळे नंतर बरे वाटण्याचा संभव तसाही जास्त. अर्धा तास कुणी मनापासून ऐकून घेतले याचाही गुण येतो. हे सगळे वगळून औषधाचा गुण किती, हे कळायचे तर दोन गट हवेत : एकाला औषध, दुसऱ्याला दिसायला तशीच साधी गोळी, कुणाला काय दिले हे रोग्यालाही ठाऊक नको आणि देणाऱ्यालाही. असा दुसरा गट माझ्या दवाखान्यात कधीच नव्हता. तिने मला वाचायला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०१५ चा अहवाल दिला. होमिओपॅथी परिणामकारक आहे असा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. वाचताना मला त्रास झाला. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही, हेही कबूल करतो.

मी दवाखाना बंद केलेला नाही. पण त्या दिवसापासून दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. चाचणी लागेल अशा आजारात आधी चाचणी आणि योग्य त्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी. आणि मधुमेहाचे, रक्तदाबाचे, थायरॉइडचे चालू औषध माझ्या गोळ्यांच्या भरवशावर कुणालाही बंद करू द्यायचे नाही. पूर्वीही मी हे करत होतो, पण रोगी आग्रह करू लागला तर नरम पडत असे. आता पडत नाही. जी मुलगी डॉक्टर होऊ शकली नाही म्हणून घर हळहळत होते, तिच्या एका प्रश्नाने घरातला डॉक्टर अधिक सावध झाला.

अहिंसेचा प्रश्न

आमच्या घरी आणखी एक शंका होती. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, निघताना एवढेच विचारले होते, “बेडूक कापायला लावतील काय गं?” या प्रश्नाला हसू नये. पाणी गाळून पिणाऱ्या घरातल्या मुलीला तो पडणारच.

उत्तर सरळ आहे, पण सोपे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्र आणि जीवशास्त्राच्या पदवी वर्गांतले प्राणिविच्छेदन बंद करण्यास सांगितले. आता प्रतिकृती आणि संगणकावरच्या चित्रांवरून शिकवतात. संशोधनात मात्र प्राणी अजून वापरले जातात. त्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. जगभर जे तत्त्व मानले जाते ते रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडले : शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा.

प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. प्रयोगशाळेत बशीमध्ये पेशी वाढवतात तेव्हा त्यांना खाद्य म्हणून पुष्कळदा न जन्मलेल्या वासराच्या रक्ताचा द्रव घालतात. तो कत्तलखान्यात गाभण गाईपासून मिळतो. हे कळले तेव्हा तिने मला रात्री फोन केला होता. मी तिला उपदेश केला नाही. व्हॅक्सिन डेपोतली देवीची लस ज्या काळात होत असे, त्या काळी ती वासरांच्या अंगावर वाढवून घेत, याची फक्त आठवण करून दिली. त्या लसीने आमच्या आईचा जीव राखला असेल, आणि त्याची किंमत कुणीतरी मुक्या जिवाने दिली असेल. दोन्ही खरे आहे.

त्याच शास्त्रात दुसरी बाजूही सापडते. जिवाणू वाढवायला पूर्वी जिलेटिन वापरत. ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून होते आणि शरीराच्या तापमानाला वितळते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेशी संबंधित फॅनी हेस या गृहिणीने १८८१ च्या सुमारास स्वयंपाकघरातले आगर वापरून पाहा असे सुचवले. आगर म्हणजे समुद्रशेवाळापासून मिळणारे ‘चायना ग्रास’. आपल्याकडे उपवासाच्या आणि सणाच्या गोडात ते घालतात. आजही जगभरच्या प्रयोगशाळा आगरावरच चालतात. शाकाहारी पर्याय इथे दयेपोटी आला नव्हता, तो अधिक चांगला होता म्हणून टिकला. रक्तद्रवाशिवाय पेशी वाढवण्याची माध्यमे आता मिळतात, महाग असतात, आणि सगळ्या पेशींना मानवत नाहीत. पुतणी म्हणते, चौथ्या वर्षाचा प्रकल्प तिला याच विषयावर करायचा आहे. ज्या घरातून तिला अडवले जाण्याची भीती होती, त्या घरानेच तिला विषय दिला.

ही वाट नवी नाही

आपल्याला वाटते की ‘डॉक्टरकी सोडून जीवशास्त्र’ हा आजच्या मुलांचा नाइलाज आहे. डॉ. कमल रणदिवे यांचे आयुष्य पाहा. १९१७ साली पुण्यात समर्थ घराण्यात जन्म. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. तिने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले आणि १९३४ मध्ये बी.एस्सी. झाली. पुढे मुंबईत, भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या काम करून आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभारली. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी मोठे काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. रोगी तपासणाऱ्या डॉक्टर त्या कधीच झाल्या नाहीत.

पालकांसाठी थोडे व्यवहाराचे

एवढे सगळे सांगून मी तुम्हाला भुलवू इच्छित नाही. या पदवीवर लगेच मोठा पगार मिळेल असे समजू नका. तीन वर्षांनंतर औषध कंपन्या, औषध-चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था, निदान प्रयोगशाळा येथे कामे मिळतात, पण खरे दार उघडते ते एम.एस्सी. नंतर. संशोधनात जायचे तर सीएसआयआर किंवा आयसीएमआरची पाठ्यवृत्ती परीक्षा द्यावी लागते, आणि पीएच.डी.ची आणखी वर्षे धरावी लागतात. म्हणजे बारावीनंतर दहा वर्षांची तयारी. मूल लवकर कमावते व्हावे अशी घरची गरज असेल, तर एमएलटीचा विचार आधी करा. त्यात कमीपणा नाही. ज्या तरुणाने मला फोन केला तो एमएलटी झालेला होता.

परदेशात जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे नाव कायद्याने राखीव आहे. ते लावायला हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या संस्थेकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी मान्य पदवीबरोबर प्रयोगशाळेतले प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. सगळ्याच विद्यापीठांच्या या नावाच्या पदव्यांना तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्सची मान्यता नसते. लाखो रुपये भरण्यापूर्वी मान्यता आहे का, आणि प्रशिक्षणाची जागा कोण देणार, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

इथल्या महाविद्यालयात गेलात तरी इमारत पाहून परत येऊ नका. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, एका सूक्ष्मदर्शकावर किती मुले बसतात, शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्प कुठे करतात, मागच्या दोन तुकड्यांतली मुले पुढे कुठे गेली, हे विचारा. आणि मुलाला एकच विचारा : हे हवे म्हणून घेतोस, की ते मिळाले नाही म्हणून? दुसरे उत्तर आले तर रागावू नका. त्याला थोडा वेळ द्या आणि विषय त्याच्याबरोबर बसून वाचा. माझ्या वेळी असे कुणी माझ्याबरोबर बसले नव्हते.

गेल्या दिवाळीत पुतणी घरी आली होती. तिच्या आत्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. पण या वेळी आवाजात हळहळ नव्हती, हातात स्वतःच्या थायरॉइडचा रिपोर्ट होता. दोघी ओसरीवर बसून तो वाचत होत्या. पुतणीने आधी आकडा पाहिला नाही. तिने विचारले, “आत्या, रक्त किती वाजता दिलंस, आणि त्या सकाळी गोळी आधी घेतली होतीस की नंतर?” आमच्या बहिणीने गोळीची वेळ आठवायला सुरुवात केली, आणि मी चहा सांगायला आत गेलो.